मास्तरांचा आवाज हलवताना

आवाज न्यायचा कशातून, हा प्रश्न स्टोअरबाईंना पडला तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

आवाज मास्तरांचा. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून चालवायला शिकली, आणि उरलेली निम्मी त्या माणसांपासून जपून रस्ता ओलांडायला शिकली. समोरून ट्रक अंगावर आला तरी मास्तर आवाज चढवायचे नाहीत. "क्लच सावकाश सोडा. ट्रकलाही घरी जायचंय," एवढंच म्हणायचे. त्या घशात आता नको ते वाढलं होतं. परवा दवाखान्यात दाखल व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार होते.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या, सगळे त्यांना वाचेच्या बाई म्हणत. त्यांनी महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं, की घसा चालतोय तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. मी ती टॅबवर एकेका बटणाला जोडून देते. बटण दाबलं की ते वाक्य मास्तरांच्याच आवाजात ऐकू येईल. जे वाक्य रेकॉर्ड नसेल ते टाइप करायचं, मग टॅब स्वतःच्या आवाजात बोलेल. तो टॅबचा आवाजही त्यांनी ऐकवला होता. पुरुषाचाच होता, स्वच्छ होता, पण कुणा बँकेने कर्ज नाकारताना लावावा तसा. स्टोअरबाईंना तो ऐकून रडूच आलं होतं.

म्हणून मास्तर नेटाने बसले. गाडी शिकवण्याचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला मास्तरांच्या धाकट्या भावाने आपल्या फोटो स्टुडिओतला माइक लावून दिला आणि मास्तरांनी जमेल तसं बोलून ठेवलं. चार फोल्डर केले: दवाखाना, रस्ता, नातेवाईक आणि घर. सुरुवातीला आवाज खणखणीत होता. मग तो खरखरू लागला, आणि डॉक्टरांनी बोलणंच बंद करायला सांगितलं. म्हणजे आता जे काही होतं ते त्या कॉम्प्युटरात होतं. आणि कॉम्प्युटर मधूनच घरघरायचा, मनात आलं की बंद पडायचा. बाई येता-जाता त्याच्यावर हात ठेवून तापलाय का बघत. मास्तरांच्या कपाळावरही त्या दिवसांत त्यांचा हात एवढ्या वेळा गेला नसेल.

"वहिनी, नेटवर चढवून टाका," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे तेच धाकटे दीर, चौकात फोटो स्टुडिओ चालवणारे आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत असणारे. "इथून चढवायचं, तिकडे उतरवायचं."

"आणि मध्ये कुणाच्या ताब्यात असतं ते?"

"मध्ये म्हणजे?"

"चढवलंय, पण उतरवलेलं नाही. तेव्हा?"

भाऊजींनी बोट वर आभाळाकडे केलं.

"तिथे आपण आधीच एक अर्ज देऊन ठेवलाय," बाई म्हणाल्या. "दुसरा नको."

परगावच्या लेकीने फोनवर सांगितलं, दोन कॉम्प्युटर सरळ वायरने जोडा, त्याच्यासारखं खात्रीचं काही नाही. दवाखाना दोन बस बदलून होता; एवढी लांब वायर कुठे मिळते ते मात्र लेकीला सांगता आलं नाही. मग फोनवरून मेसेजमध्ये पाठवा म्हणाली. त्याला खुद्द वाचेच्या बाईंनीच नकार दिला होता: तसं पाठवलं की आवाज दाबला जातो, मला मूळ रेकॉर्डिंगच हवंय. स्टोअरबाईंना तो नकार फार पटला. नवऱ्याचा आवाज दाबून पाठवायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

राहता राहिला पेनड्राइव्ह. बाईंनी तोच निवडला, आणि खरं सांगायचं तर एकाच कारणासाठी. तो मुठीत धरता येत होता.

इथे बाईंच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. पंपांच्या कारखान्यात त्या भांडार, म्हणजे स्टोअर, सांभाळत; म्हणूनच स्टोअरबाई. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. भांडारात वस्तू एकतर आत असते, नाहीतर बाहेर गेलेली असते. तीच वस्तू आतही दिसली आणि बाहेरही दिसली, तर कुणीतरी चोरी केलीय किंवा कुणीतरी गाढव आहे. हे बाईंच्या इतकं अंगात मुरलं होतं, की घरातसुद्धा कात्री एक, टॉर्च एक, कुलपाची किल्ली एक. कॉम्प्युटरवर 'कॉपी' नावाचं काही असतं हे त्यांना माहीत होतं, पण त्यांचा हात तिकडे कधी वळला नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं त्यांना अव्यवस्थितपणाचं वाटे. त्या नेहमी 'कट' करत, आणि जिथे न्यायचं तिथे नेऊन ठेवत.

दाखल व्हायच्या आदल्या सकाळीही त्यांनी तेच केलं. चारही फोल्डर उचलले आणि पेनड्राइव्हवर हलवले. हिरवी पट्टी भरत आली तसा बाईंनी श्वास रोखून धरला. कॉम्प्युटर घरघरला, पण बंद पडला नाही. पट्टी भरली आणि नाहीशी झाली. बाईंनी खात्रीसाठी जुनी जागा उघडून पाहिली; ती रिकामी होती, आणि ती रिकामी बघून त्यांना, काय म्हणावं, बरं वाटलं. मग हा पुन्हा बंद पडायच्या आत पेनड्राइव्ह ओढून काढला, रुमालात गुंडाळला आणि बस गाठली.

बसमध्ये त्यांनी मूठ उघडली नाही. शेजारच्या माणसाने दोनदा सरकायला सांगितलं, त्या सरकल्या, पण खांब डाव्या हातानेच धरला. दवाखान्यात पोचल्या तेव्हा मुठीत घाम होता आणि रुमालाचे वळ तळव्यावर उमटले होते.

वाचेच्या बाईंनी पेनड्राइव्ह लावला, थोडं थांबल्या, काढून परत लावला. मग दुसऱ्या भोकात लावून पाहिला.

"हा म्हणतोय फॉरमॅट करायचा का."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्याला आत काहीच दिसत नाहीये. होतं असं. पट्टी गेली तरी आत लिहिणं चालू असतं कधीकधी, तेवढ्यात ओढून काढला तर... जाऊ दे, काही बिघडलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवरून परत घेऊन या."

 स्टोअरबाईंनी टेबलाची कड धरली.

"घरी आहे ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तिकडून काढून आणलंय."

वाचेच्या बाई भल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, "असं कसं केलंत" असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढं विचारलं, की घरचा कॉम्प्युटर त्यानंतर कुणी वापरलाय का? काढलेलं लगेच पुसलं जात नाही, म्हणाल्या, पण त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की संपलं. आत्ताच्या आत्ता घरी फोन करा.

फोन मास्तरांनी उचलला. त्यांना बोलायची बंदी होती, म्हणून घरात एक पद्धत पडली होती. फोनवर एकदा टिचकी म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"अहो, कॉम्प्युटर बंद आहे ना?"

दोन टिचक्या.

"कोण बसलंय त्याच्यावर? भाऊजी?"

एक टिचकी.

"काय करताहेत? काही चढवताहेत का त्यात?"

एक टिचकी आली, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मास्तरांना काहीतरी सांगायचं होतं आणि टिचक्यांत ते बसत नव्हतं.

"त्यांना म्हणावं वायर ओढा! वायर काढा भिंतीतली, आत्ता!" बाई ओरडल्या. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला, मग भाऊजींचा आवाज. "अरे दादा, अरे काय करतोस, माझे फोटो चाललेत ना!" आणि मग फोन तसाच टेबलावर राहिला असावा, कारण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

झालं होतं असं, की भाऊजी सकाळी डोकावले, जुन्या कॉम्प्युटरात बरीच जागा मोकळी झालेली पाहिली आणि त्यांना ते देवाने दिल्यासारखं वाटलं. स्टुडिओत लग्नाचे फोटो ठेवायला जागा नव्हती. ते लागले चढवायला. फोटोवाल्याला मोकळी जागा दाखवणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं भांडं उघडं ठेवणं, आणि तरी त्यांची चूक म्हणता येत नव्हती. जागा मोकळी केली होती बाईंनी.

परतीच्या बसमध्ये बाईंची मूठ उघडीच होती. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती त्यांना खात होती. भांडारातून माल गाडीत चढला म्हणून त्यांनी आजवर कधी साठा कमी केला नव्हता. पलीकडच्याने माल उतरवून, तपासून, पोचल्याची सही दिल्याशिवाय त्या इकडचा आकडा हलू देत नसत. त्यावरून साहेबांशी भांडल्या होत्या, ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पंपाच्या झाकणांसाठी एवढं सगळं, आणि नवऱ्याच्या आवाजाला मात्र त्यांनी सहीविना वाटेला लावलं. मास्तरांना कुठल्या तोंडाने सांगायचं? ते तर रागावूही शकणार नव्हते. तेच जास्त वाईट होतं.

घरी आल्या तर पुढच्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता. भाऊजींनी तो उचलून स्टुडिओत नेला होता. बाकी काही असो, पुसले गेलेले फोटो परत आणायचं काम भाऊजींना येत होतं. गिऱ्हाइकाचं लग्न कॅमेऱ्याच्या कार्डावरून उडालं की मार खायच्या आधी फोटोवाला हे शिकतोच. जुनी डिस्क काढून त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली होती आणि स्क्रीनवर नावं एकेक करून वर येत होती. भाऊजी मान वर करत नव्हते. एरवी ज्या माणसाला गप्प कसं करावं हा घरचा प्रश्न होता, तो आज स्वतःहून गप्प होता.

मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, जिथे पासपोर्टचा फोटो काढायला माणसं बसवतात. बाई आत आल्या तसे त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

"मी कट केलं हो," बाई म्हणाल्या. "कॉपी करायला हवं होतं. सगळं माझ्या हातून गेलं." आणि त्या दारातच रडल्या.

मास्तर उठले आणि त्यांनी स्वतःचं स्टूल बाईंना दिलं.

दुपार कलली तेव्हा कळलं ते असं. दवाखाना आला होता, सगळाच्या सगळा: दुखतंय, पाणी द्या, डॉक्टरांना बोलवा. रस्ता आला होता. नातेवाईक दोन-चार वाक्यं वगळता आले होते. 'घर' या फोल्डरमधल्या फाइलींची नावंही आली होती, आकारही बरोबर दिसत होते. बाईंचा जीव भांड्यात पडला. भाऊजींनी पहिली फाइल लावली. खरखर आली, नुसती खरखर. दुसरी लावली, तीही तशीच. त्या जागेवर आता कुणाच्या तरी लग्नातले अनोळखी पाहुणे हसत बसले होते.

"नाव आहे, आकार आहे, पण आत आवाज नाही," भाऊजी म्हणाले. ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

'घर' म्हणजे काय, तर दार लावून घे, चष्मा कुठेय, पंखा कमी कर. आणि त्या सगळ्याच्या आधी येणारी हाक. मास्तरांनी बायकोला नावाने हाक मारलेली त्या घराच्या भिंतींनीही ऐकली नव्हती. लग्न झालं तेव्हा नावाची लाज वाटली, पुढे सवय झाली. ते म्हणायचे, "अगं, ऐकतेस का?" बाई जिथे असतील तिथून म्हणायच्या, "काय हो?" इतक्या वर्षांत बाईंचं घरातलं नाव तेच होऊन बसलं होतं. ते आता कुठल्याच डिस्कवर नव्हतं.

बाईंनी वाचेच्या बाईंना फोन लावला. मास्तरांना थोडंसं बोलू देऊ का, उद्या तर दाखलच व्हायचंय. त्यांनी डॉक्टरांना विचारून सांगितलं: मोजकं, हळू, पाणी पीत, आणि दुखलं की थांबायचं.

भाऊजींनी माइक लावला, दार ओढून घेतलं, फोटोचे दिवे मालवले. मास्तरांनी घोटभर पाणी घेतलं आणि म्हणाले, "दार लावून घे." तो आवाज बाई कितीतरी दिवसांनी ऐकत होत्या. खरखरीत होता, खाली कुठेतरी घासत येत होता, पण मास्तरांचा होता. "चष्मा कुठेय." थांबले. पाणी. "पंखा कमी कर." गळ्यावर हात गेला. भाऊजींनी विचारलं, पुरे का? मास्तरांनी मान हलवली, अजून एक. माइककडे न बघता ते बायकोकडे वळले.

"अगं, ऐकतेस का?"

"काय हो?" बाई म्हणाल्या.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "वहिनी! तुम्ही नका ना बोलू!"

"गेलं तोंडातून. परत, परत घ्या."

परत पाणी, परत शांतता. बाईंनी रुमाल तोंडावर धरला. मास्तर या वेळी आणखी हळू म्हणाले, शेवटची अक्षरं तर हवेसारखी आली, आणि रुमालामागून, अगदी बारीक, तरी माइकला ऐकू जाईल इतकं, आलंच: "काय हो?"

मास्तर हसले. आवाज न करता हसले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. बाई म्हणाल्या, मी बाहेरच जाते. त्या जाऊन रस्त्यावर, स्टुडिओच्या पायरीवर उभ्या राहिल्या. समोरून सायकली जात होत्या, कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी कानांवर हात ठेवले. ऐकू आलं तर इथूनही ओ जाईल याची त्यांना भीती वाटली.

थोड्या वेळाने भाऊजी बाहेर आले. "नाही आला," म्हणाले. "तोंड उघडलं त्याने. आवाजच नाही आला." मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, जे आहे ते दोन वेळचं आहे. दोन्हीत तुम्ही आहात."

त्या संध्याकाळी बाईंनी जे केलं त्याला भाऊजी पुढे कितीतरी दिवस हसत राहिले, पण त्या दिवशी हसले नाहीत. सगळं एका नव्या पेनड्राइव्हवर कॉपी केलं. दुसऱ्या नव्या पेनड्राइव्हवर कॉपी केलं. भाऊजींच्या बाहेरच्या डिस्कवर ठेवलं. नेटवरही चढवलं, आभाळाला अर्ज तर अर्ज. प्रत्येक वेळी पट्टी गेल्यावरही थांबायचं, 'आता काढायला हरकत नाही' असं कॉम्प्युटरने म्हटल्यावरच काढायचं, आणि मग ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून वाजवून बघायचं. नाव दिसलं यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता, आकार दिसला यावरही नाही. कान लावून ऐकलं, तेवढंच पोचलं.

सकाळी दाखल करून झालं आणि बाई थेट वाचेच्या बाईंच्या खोलीत गेल्या. मास्तरांनाही बरोबर नेलं. फाइली त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरल्या. "आल्या सगळ्या," त्या म्हणाल्या.

"वाजवा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्या पोरीने मुकाट्याने वाजवल्या. दुखतंय. पाणी द्या. डावीकडे वळा. एकेक वाक्य येत गेलं, बाई मान हलवत गेल्या. शेवटी 'घर' आलं. खरखरता आवाज म्हणाला, "अगं, ऐकतेस का?" आणि लगेच मागून, जरा लांबून, बाईंचा: "काय हो?"

"हा दुसरा आवाज मी काढून टाकते," वाचेच्या बाई म्हणाल्या. "सोपं आहे, एक मिनिटाचं काम." त्यांनी माउस हातात घेतला.

मास्तरांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या.

त्या थांबल्या. बाईंकडे बघितलं. "नको म्हणताहेत," बाई म्हणाल्या. "राहू दे तसंच."

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर बाईंनी काय काय सोसलं ते सांगून उपयोग नाही, ज्याने त्या बाकावर वेळ काढलाय त्याला ते माहीतच आहे. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ठीक झालं. नंतर वॉर्डात नेलं. गळ्याला पट्ट्या, तिथेच श्वासाची वाट केलेली, नळ्या. मास्तर जागे होत, परत झोपत.

जरा हुशारी आल्यावर वाचेच्या बाईंनी टॅब आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बटणं समजावून गेल्या. स्टोअरबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून पाण्याची बाटली विसळत होत्या. मागून तो खरखरीत आवाज आला.

"अगं, ऐकतेस का?"

"काय हो?" बाई वळता वळता म्हणाल्या, आणि त्याच क्षणी टॅबमधूनही त्याच म्हणाल्या.

दोन्ही उत्तरं एकमेकांवर आपटली. बाई बाटली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आता मास्तर पुढचं काहीतरी सांगतील म्हणून त्या थांबल्या. आयुष्यभर त्या हाकेच्या मागून काहीतरी येतच असे, चष्मा, दार, पंखा. मास्तरांनी बटणांवरून बोट फिरवलं. 'दुखतंय'वर नेलं, 'पाणी द्या'वर नेलं, दोन्हीकडून उचललं. टाइप करायची जागा होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग त्यांनी परत तेच बटण दाबलं.

बाईंनी बाटली खाली ठेवली, आणि या वेळी टॅबला आधी बोलू दिलं.